राजदूत ३५० ला पल्सर २२०चे शॉकअप, डिस्क आणि १७ इंची अलॉय चाक बसवायचंय, कुणी केलंय का?

घाटवाट_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. वडिलांची राजदूत ३५० आहे, ८७ ची, लो टॉर्क (कमी ताकदीचं नंतरचं मॉडेल). इंजिनचं सगळं काम झालंय, क्रँक नवीन बांधलाय, दोन्ही सिलिंडर बोअर करून पिस्टन टाकलेत, सहा हजार आरपीएमच्या वर गेली की अंगावर काटा येतो. पण ब्रेकचं काय करायचं तेच कळंना. गगनबावड्याचा घाट उतरताना दोन-चार वळणं झाली की पुढचा ड्रम तापतो आणि लिव्हर पार हॅन्डलला टेकते. पुढचे शॉकअप पण संपलेत, पाईपला गंजाचे खड्डे पडलेत त्यामुळं ऑइल सील कितीही बदला, महिनाभरात तेल परत बाहेर.

इथला एक मेकॅनिक म्हणतोय पल्सर २२०चा अख्खा फ्रंट टाकूया, टी (दोन्ही शॉकअप धरणारा तुकडा) सकट शॉकअप, २६० मिमीची डिस्क, कॅलिपर (डिस्कला आवळणारा भाग), १७ चं अलॉय, सगळं एका गाडीचं. स्टेमची (टी चा फ्रेममध्ये फिरणारा दांडा) लांबी जुळत नाही तर कापून वेल्ड मारून देतो म्हणतो. मनात धाकधूक आहे. हॅन्डलिंग बिघडतं का, १८ च्या जागी १७ चं चाक चालतं का, आणि आरटीओचं काय, रिन्यूअल जवळ आलंय. गाडी विकायची नाही, कधीच नाही, त्यामुळं रीसेलचा विचार करू नका, फक्त गाडीचं आणि चालवणाऱ्याचं भलं कशात आहे ते सांगा.

टूस्ट्रोक_नानापेठ

भावा, ब्रेक सुधारायचा विचार एकदम बरोबर आहे. जपानात जी यामाहा आरडी ३५०, म्हणजे आपल्या राजदूतचं मूळ, विकली जायची तिला पुढं डिस्कच होती, आपल्याकडं ८३ साली एस्कॉर्ट्सनं आणली तेव्हा सात इंची ड्रम आला. म्हणजे ही फ्रेम डिस्कचा जोर घेत नाही असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नकोस.

पण शॉकअप कुठले टाकायचे हे डिस्क बघून किंवा पाईपची जाडी बघून ठरवायचं नसतं, आधी टी बघायचा. टी मध्ये स्टेमचं सेंटर आणि दोन पाईपांच्या सेंटरमधून जाणारी रेघ, या दोघांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. तो आणि फ्रेमच्या मुंडीचा (स्टेम ज्यात फिरतो ती नळी) कल, म्हणजे रेक, आणि चाकाची त्रिज्या या तिघांवर ट्रेल (मुंडीची रेघ जमिनीला जिथं मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) ठरतो आणि ट्रेलवर गाडीचा अख्खा स्वभाव ठरतो. उदाहरण देतो. समजा रेक २७ डिग्री, त्रिज्या ३०० मिमी आणि ऑफसेट ५५, तर ट्रेल येतो साधारण ९१. बाकी काहीही न बदलता नुसता ऑफसेट ३२ केला तर ट्रेल थेट ११७ वर जातो. बऱ्याच जणांना उलटं वाटतं, ऑफसेट कमी केला की गाडी चपळ होईल असं, पण ऑफसेट कमी म्हणजे ट्रेल जास्त, गाडी सरळ रस्त्यावर खिळल्यासारखी आणि गल्लीत वळवताना हॅन्डल जड. नवीन स्पोर्टी गाड्यांचे टी बहुतेक कमी ऑफसेटचे असतात कारण त्यांची मुंडी मुळातच उभी असते, त्या गाडीत ते बरोबर बसतं, तोच टी जुन्या कलत्या मुंडीत टाकला की गणित फिसकटतं. ड्यूकचे ४३ मिमीचे उलटे शॉकअप जुन्या गाड्यांना लावलेले दिसतात, फोटोत भारी दिसतात, पण त्यात हा प्रश्न असतोच आणि वर ते एवढे रुंद की हॅन्डल पूर्ण फिरवलं की टाकीला घासतात.

१७ च्या चाकाला एवढं घाबरू नकोस. मूळ ३.००-१८ टायरचा व्यास ६१० च्या आसपास, पल्सरचा ९०/९०-१७ जवळपास ५९४, म्हणजे पुढून गाडी जेमतेम ८ मिमी खाली येते. खरा फरक शॉकअपच्या लांबीत असतो. आरडीचा वीलबेस (दोन चाकांच्या सेंटरमधलं अंतर) तेराशे मिमीच्या आसपास आहे, त्यामुळं पुढं २५ मिमी खाली गेलं की मुंडी साधारण एक डिग्रीनं उभी होते आणि ट्रेल ६ मिमी घटतो. मागं लांब शॉकअप टाकले तरी तेच होतं. ट्रेल फार कमी झाला तर खड्ड्यातून जाताना हॅन्डल फडफडायला लागतं आणि ते एकदा ऐंशी-नव्वदला सुरू झालं की दोन्ही हातांनी धरून पण थांबत नाही.

म्हणून एवढं कर. दोन्ही गाड्यांचे टी काढून कार्डबोर्डवर ठेव, पेन्सिलनं तिन्ही भोकं उतरवून घे, सेंटर काढ आणि पट्टीनं काटकोनात मोज. मग एक्सलपासून वरच्या टी पर्यंत दोन्हीची लांबी, गाडीवर माणूस बसलेला असताना. हे आकडे हातात येईपर्यंत मेकॅनिकला ग्राइंडर हातात घेऊ देऊ नकोस.

लेथमास्तर_इचलकरंजी

वरच्या भाऊंनी सांगितलेलं सोळा आणे खरं आहे, मी फक्त स्टेमबद्दल लिहितो कारण आमच्याकडं ही कामं येतात.

स्टेम मधून कापून वेल्ड मारणं ही गोष्ट कृपया करू नका. ब्रेक मारला की गाडीचा आणि माणसाचा सगळा जोर खालच्या टी मध्ये आणि स्टेमच्या बुडाशी येतो, वेल्ड तिथून जवळच असतो आणि डिस्क टाकल्यावर हा जोर ड्रमपेक्षा कितीतरी वाढलेला असतो. वेल्ड वरून कितीही सुंदर दिसला तरी शेजारचं लोखंड तापून त्याचा कस बदललेला असतो, तडा तिथंच जातो आणि बाहेरून दिसत नाही. खालचा टी अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्याला वेल्डची ज्योत पण लागू देऊ नका, त्याचं हीट ट्रीटमेंट जातं.

बरोबर पद्धत अशी, जुना स्टेम प्रेसवर बाहेर काढायचा आणि ईएन २४ (मजबूत मिश्र पोलाद) च्या बारमधून नवीन स्टेम टर्न करायचा. साध्या माइल्ड स्टीलचा नको. टी च्या भोकापेक्षा एक-दीड थाऊ (इंचाचा हजारावा भाग) टाईट ठेवायचा, टी गरम करायचा, स्टेम डीप फ्रीजमध्ये ठेवून गार करायचा आणि प्रेसनं बसवायचा. खाली खांदा आणि वर सरक्लिप किंवा पिन, म्हणजे नुसत्या टाईटपणावर अवलंबून राहायचं नाही. फ्रेमच्या मुंडीला हात लावायचा नाही, कोनसेट (मुंडीतल्या गोळ्यांच्या वाट्या) काढून तिथं टेपर रोलर बेअरिंग बसवायची, बाहेरचा व्यास फ्रेमला जुळेल असं बेअरिंग शोधायचं आणि आतल्या व्यासाप्रमाणं स्टेम बनवायचा. कॅटलॉग चाळला की बहुतेक वेळा मिळतं.

पण तुम्ही कोल्हापूरचे आहात तर त्याहून चांगला मार्ग तुमच्या दारात आहे. उद्यमनगरात सीएनसी, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशिनं) वाले गल्लोगल्ली आहेत. खालचा-वरचा दोन्ही टी नवीन बनवा, ६०८२ टी६ किंवा ७०७५ या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमधून. त्यात पल्सरच्या ३७ मिमी पाईपचे क्लॅम्प करा आणि ऑफसेट तुम्हाला पाहिजे तेवढा ठेवा, म्हणजे मूळ आरडीचा ट्रेल जसाच्या तसा मिळतो. हेडलाइटचे कान, मीटरची पट्टी, स्टिअरिंगचा स्टॉपर हे ड्रॉइंगमध्येच घ्या. स्टॉपर विसरू नका, नाहीतर हॅन्डल फिरवल्यावर पाईप टाकीला लागून पोचा येतो. उद्या मन बदललं तर सगळं खोलून मूळ फ्रंट परत बसतो, फ्रेमवर एक ओरखडा नाही.

जुनी_आरडी_नाशिक

मी वयानं तुम्हा सगळ्यांत मोठा असेन बहुतेक, आरडी नवी घेतलेल्यांपैकी आहे. तो ड्रम डिस्कइतका चांगला कधीच नव्हता, हे मान्य. पण बाळा, तू लिहिलंयस तसं दोन वळणांत लिव्हर हॅन्डलला टेकत असेल तर तो ड्रम नीट जुळवलेला नाही. डिस्क टाकायचीच असेल तर टाक, त्याआधी हे करून बघ, खर्च फार नाही.

या ड्रममध्ये शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) ढकलणारे दोन कॅम आहेत आणि बाहेरून दोघांना जोडणारा एक रॉड आहे. हा रॉड कुणी जुळवतच नाही. तो चुकीच्या लांबीचा असला की एकच शू काम करतो आणि दुसरा नुसता फिरायला येतो, मग सगळी उष्णता एकाच शूच्या लायनरवर (घासणाऱ्या थरावर). रॉडची एका बाजूची पिन काढ. दोन्ही लिव्हर हातानं वेगवेगळे फिरव, शू ड्रमला टेकेपर्यंत. दोन्ही टेकलेले असताना रॉडची लांबी अशी कर की पिन कुठलाही लिव्हर न हलवता अलगद आत गेली पाहिजे. मग लॉकनट आवळ. चाक बसवताना एक्सलचा नट शेवटचा आवळायच्या आधी चाक फिरव, ब्रेक दाबून धर आणि तसाच धरून नट आवळ, म्हणजे प्लेट ड्रमच्या मधोमध बसते.

ड्रम अंडाकृती झालेला असला तर तो लेथवर घ्यावा लागतो, पण हब सुटा देऊ नको. आरे ओढलेले असताना ड्रम थोडा वेडावाकडा होतो, त्यामुळं रिम बांधून आऊट काढून झाल्यावर अख्खं चाक लेथवर चढवून ड्रम घ्यायचा. मोठा लेथ लागतो, असा माणूस शोध. ड्रम घेतला की व्यास वाढतो, तेव्हा नवे लायनर ड्रमच्या आत एमरी (पॉलिश पेपर) चिकटवून त्याच्यावर घासून ड्रमच्या गोलाईला आणायचे. बाजारात मिळणारे शू तसेच लावले तर टोकाला नाहीतर मध्येच टेकतात. हे सगळं केलेला ड्रम घाटात सुद्धा माणसाला घाबरवत नाही. पावसात मात्र डिस्क ती डिस्क.

अजून एक, पुढचं काही करायच्या आधी मागचा स्विंग आर्म धरून आडवा हलवून बघ. तिथले बुश झिजलेले असले तर पुढं कितीही महागाचे शॉकअप लाव, गाडी वळणात डुलणारच. गनमेटलचे बुश करून घे, इचलकरंजीच्या मास्तरांना सांग.

आरसी_ठाणे

कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, वकिली करतो आणि माझ्याकडं पण जुनी गाडी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच कडक शब्दांत सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ नव्यानं लिहिलं गेलं, त्यात मालकाला दर बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शॉकअप आणि चाकावरून रस्त्यात कुणी पकडेलच असं नाही, पण रिन्यूअलला गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी राहते आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं, आणि त्यात समोरच्याला लागलं असेल तर फार अवघड होऊन बसतं. हे मी भीती घालायला लिहीत नाहीये, डोळे उघडे ठेवून ठरवा एवढंच.

दुसरं, २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांच्या वरची आणि मोठी मोडतोड न केलेली गाडीच बसते, तिला व्हीए सीरिजचा नंबर मिळतो. तुमची ८७ ची म्हणजे २०३७ साली ती त्या वयाला येईल. वडिलांची गाडी आहे आणि विकायची नाही म्हणताय, तेव्हा हा विचार आत्तापासून केलेला बरा. मूळ शॉकअप, टी, ड्रमचं चाक, काहीही भंगारात देऊ नका, ग्रीस लावून गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवा.

घाटवाट_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. नाशिकच्या काकांनी सांगितलेला रॉड काल संध्याकाळी खोलून बघितला. एक लिव्हर हलवला की शू लगेच टेकतो आणि दुसऱ्याचा शू बोटभर फिरवल्यावर टेकतोय, म्हणजे इतकी वर्षं गाडी एकाच शूवर चालली. स्विंग आर्मला पण हललेलं जाणवतंय.

तर ठरवलंय असं, आधी ड्रम आणि बुश, रिन्यूअल मूळ गाडीवरच करून घेतो, आणि मेकॅनिकला वेल्डिंगला स्पष्ट नाही सांगितलंय. तोपर्यंत टी चं ड्रॉइंग करून ठेवतो. एक विचारायचं होतं, जुन्या पाईपांचं काय करू? नवीन मिळत नाहीत, जे मिळतात त्यांचं क्रोम बघूनच मन होत नाही.

लेथमास्तर_इचलकरंजी

टाकू नका ते पाईप. आधी व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल (बारीक फरक दाखवणारं मीटर) लावून बघा, वाकलेले नसतील तर हार्ड क्रोम करून घ्या. जुनं क्रोम काढून खड्डे जाईपर्यंत ग्राइंड करतात, मग जाड क्रोम चढवून परत ग्राइंड करून मूळ मापावर आणतात. दिसायला चकचकीत असतं ते डेकोरेटिव्ह क्रोम वेगळं, ते करू नका, सील महिन्यात फाडेल. शेवटी ग्राइंडिंग आहे का नाही हे आधीच विचारून घ्या, नुसतं क्रोम चढवून देणारे पण आहेत. सील चालतो तेवढा भाग महत्त्वाचा, वर टी मध्ये लपतो तिथं बारीक डाग राहिले तरी हरकत नाही.

टूस्ट्रोक_नानापेठ

आणि पुढं डिस्कचं करशील तेव्हा मास्टर सिलिंडर (हॅन्डलवरचा, लिव्हरनं तेल ढकलणारा पंप) आणि कॅलिपर एकाच गाडीचे घे. मास्टरचा बोअर कॅलिपरच्या मानानं मोठा झाला तर लिव्हर दगडासारखी लागते आणि गाडी थांबत नाही, लहान झाला तर लिव्हर परत हॅन्डलला येते. टी चं ड्रॉइंग झालं की इथं टाक, स्टेमचं माप आणि ऑफसेट मी पण एकदा तपासतो, मग प्लेट कापायला दे.