नौदलातला इंजिनीअर कारखान्यात टिकतो का?

समुद्रकाठ: शॉर्ट सर्व्हिस कमिशनची (नौदलात अधिकारी म्हणून ठरावीक मुदतीची नेमणूक) १० वर्षं जूनमध्ये संपताहेत. मरीन इंजिनीअर, शिक्षण लोणावळ्याच्या 'शिवाजी'वर, म्हणजे नौदलाच्या इंजिनीअरिंग प्रशिक्षण केंद्रात. पेन्शनला २० वर्षं लागतात, त्यामुळे नोकरी शोधणं आलंच. एका कारखान्यात 'ऑपरेशन्स हेड'साठी विचारणा आहे. ताळेबंद आजवर वाचलेला नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

निवृत्त_वाफ: २२ वर्षं करून बाहेर पडलो, पुढे कंपनीही चालवली. सुरुवात लिअँडर वर्गाच्या फ्रिगेटवर, म्हणजे वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकेवर: दोन बॉयलर, ३०,००० अश्वशक्ती, आणि खाली उकाडा असा की वर आल्यावर मुंबईचा मे महिना गार वाटायचा. ताळेबंद तीन महिन्यांत येतो रे. अडतं ते भलतीकडेच.

बॉयलरच्या पाण्याचा नमुना काचनळीत घेऊन आम्ही त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचो. पाणी दुधाळ झालं की त्यात मीठ आहे, आणि पहिला संशय कंडेन्सरवर (यात समुद्राच्या पाण्याने वाफ गार करून तिचं परत पाणी करतात): एखादी नळी गळतेय, समुद्राचं पाणी आत येतंय. रात्री दोनला जरी दिसलं तरी वीस वर्षांचा पोरगा मला गदागदा हलवून उठवायचा. बॉयलर गेला तर तोही त्याच जहाजावर होता ना!

कंपनीत माझ्यापुढे येणारे सगळे अहवाल हिरवेगार. मग कळलं, एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून माल तीनदा परत आलाय आणि खालच्या सहा जणांना ते ठाऊक होतं. मी जहाजावरच्या आवाजात ओरडलो. झालं, त्यानंतर कुणी तोंडच उघडेना. चूक माझी. मग रोज सकाळचा चहा गोदामात, परत आलेल्या खोक्यांपाशी घ्यायला लागलो. दोन महिने तिथला कारकून नुसतं "सगळं ठीक, साहेब" म्हणायचा. एकदा मात्र त्याने आपणहून खोकं फोडलं आणि तडा गेलेला सुटा भाग माझ्या हातात ठेवला.

आकडेमोड: सर, माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत आयआयएममध्ये जो सहा महिन्यांचा कोर्स असतो, तो करावा का?

निवृत्त_वाफ: जरूर. निदान बैठकीत लोक काय बोलताहेत ते तरी कळतं.

समुद्रकाठ: आमच्या जहाजावर आता वाफेऐवजी गॅस टर्बाइन, सर, पण मुद्दा पोचला. मुलाखतीत परत आलेल्या मालाचं रजिस्टर मागितलं तर आगाऊपणा वाटेल?

निवृत्त_वाफ: वाटू दे. माग. आणि ते कोण घेऊन येतं तेही बघ.