गणवेश चालेल, कात्री नको

शाळेत गणवेश, बूट, केस यांचे कडक नियम हवेतच, असं तुम्ही म्हणता. गणवेशानं गरीब-श्रीमंत भेद झाकला जातो म्हणता, ते अर्धंच पटतं. कुणाचा शर्ट नवा कोरा आणि कुणाचा थोरल्या भावाचा उतरलेला, हे पोरांना पहिल्याच दिवशी कळतं. तरी गणवेश असू दे, सकाळची कटकट वाचते.

माझं भांडण बुटांशी आहे. जुलैत पंचगंगा पात्राबाहेर, आठवडाभर ऊन नाही, आणि शाळेला पांढरे कॅनव्हासचे बूटच हवेत! रात्रभर फ्रिजमागं ठेवूनही वाळत नाहीत. ओल्या मोज्यात पोरगं सहा तास बसणार. पावसाळ्यात सँडल चालवा की. (कोल्हापुरात चपलेचं वावडं, काय म्हणावं!)

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते पोरं शाळेत यावीत म्हणून. इथं रिबिनीचा रंग चुकला की दारातनं परत.

केसांचं म्हणाल तर उवा होतात म्हणून वेण्या घाला, हे मान्य. पण आमच्या वर्गात सरांनी एकाच्या डोक्यात मधोमध कात्री चालवली होती. आम्ही सगळे हसलो. तो आठवडाभर आलाच नाही. आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी आहे. पालकसभेत हे कलम एकदा वाचून दाखवा, आम्ही दाखवलं होतं.