शिफ्ट ड्युटीत ठरवलेलं वर्षभर टिकवायचं कसं?

तापीकाठ (भुसावळ)
राम राम मंडळी. रेल्वेत आहे. शिफ्ट दर आठवड्याला फिरते: सकाळी ८ ते ४, दुपारी ४ ते रात्री १२, रात्री १२ ते सकाळी ८. दोन गोष्टी वर्षभर धरून ठेवायच्या आहेत. रोज पाऊण तास चालणं आणि विभागीय परीक्षेचा दोन तास अभ्यास. सुरुवात जोरात होते, शिफ्ट बदलली की गाडी अडते आणि घरात लग्नकार्य निघालं की सगळंच बंद पडतं. निर्धार कमी पडतो की पद्धत चुकते? पहाटे पाचला उठायचा सल्ला कृपया नको, रात्रपाळीत त्याचा उपयोग नाही.

केळीपट्टा (रावेर)
भाऊ, पद्धत चुकते. तुम्ही काम घड्याळाला बांधलंय आणि तुमचं घड्याळच दर आठवड्याला बदलतं. काम एखाद्या घटनेला बांधा. पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या लेखात हीच 'जर-तर' पद्धत मांडली: अमुक झालं की मी तमुक करणार, हे वाक्य आधीच ठरलेलं असलं की ऐनवेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. तुम्हाला अशी तीन वाक्यं लागतील, प्रत्येक पाळीचं वेगळं.

सकाळची पाळी: चारला सुटल्यावर लगेच चालायला जाऊ नका, मार्च ते जून तर नकोच. भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा साडेचारचं ऊन अंगावर घेण्यात शहाणपण नाही. घरी आलं की चहा, चहाचा कप खाली ठेवला की अभ्यास, दिवेलागण झाली की चालणं, मग जेवण. जेवणानंतर अभ्यास ठेवला तर दिवसभराच्या ड्युटीनंतर पेंग येणारच.

दुपारची पाळी: रात्री घरी पोचेपर्यंत साडेबारा होतात, म्हणून सकाळी आठपर्यंत झोप. उन्हाळा सोडला तर उठल्यावर चालणं, आंघोळ, मग अभ्यास. उन्हाळ्यात आठला ऊन तापलेलं असतं, त्यामुळे त्या आठवड्यात घरातच पायऱ्या चढ-उतर करा किंवा जागच्या जागी चाला, वीस मिनिटं पुरे.

रात्रपाळी: सकाळी परत आल्यावर पुस्तक उघडूच नका. एकच पान तीनदा वाचलं जातं आणि वर अभ्यासाचा कंटाळा बसतो. आधी झोप. दुपारी उठून तोंड धुतलं की अभ्यास, सूर्य कलला की चालणं, जेवून ड्युटी.

ही तीन वाक्यं कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. गणवेश काढताना रोज नजरेस पडतील.

अमळनेरची_ताई
वरचं सगळं मान्य, पण दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सुरू करू नका. आधी चालणं. ते तिन्ही पाळ्यांतून दोनदा फिरून आलं, म्हणजे सहा आठवडे टिकलं, की अभ्यास जोडा. परीक्षेची तारीख जवळ असेल तर उलट क्रम घ्या.

दुसरं, प्रत्येक कामाचं एक किमान माप ठरवा. चालण्याचं किमान दहा मिनिटं, अभ्यासाचं जुन्या प्रश्नपत्रिकेतले पाच प्रश्न. अंगात कणकण असली, पाहुणे बसलेले असले तरी एवढं होतं. किमान झालं तर तो दिवस झाला असं मानायचं, मनाला बोल लावायचा नाही. लोक अडतात ते इथेच: दोन तास जमणार नाहीत म्हणून पाच मिनिटंही करत नाहीत.

२१ दिवसांत सवय लागते यावर विसंबू नका. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस लागले (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त), आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा (वरचा आकडा गणिताने पुढे काढलेला, कारण अभ्यास १२ आठवड्यांचाच होता). त्यात एक गोष्ट मोलाची आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणून एक दिवस चुकला तर सोडून द्या, पण दुसऱ्या दिवशी किमान माप काही झालं तरी करा.

आखाजीचा_सालदार (चोपडा)
ताईनं म्हननं बराबर शे. त्यात सुट्यांची भर घालतो.

आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचा, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचा, ठराव होतो. वर्षाचं साल (मजुरी) किती, धान्य किती, सगळं आधी बोलून घेतात, मग वर्षभर रोज नव्याने घासाघीस होत नाही. स्वतःशीही असाच ठराव करा आणि त्यात सुट्या आधीच लिहा. महिन्याला तीन, पुढच्या महिन्यात ढकलता येणार नाहीत. कालनिर्णय घेऊन बसा आणि वर्षाचे अडचणीचे दिवस आत्ताच रंगवा: आखाजी, वैशाखातल्या लग्नाच्या तिथी, श्रावणातला कानबाईचा रविवार आणि रोट, दिवाळी. घरचं लग्न असेल तर हळद, लग्न आणि परतणी अशी सलग सुटी लिहा. त्याच कागदावर परत सुरू करायचा वारही लिहा. लग्नामुळे काम तुटत नाही, परतायचा दिवस ठरलेला नसतो म्हणून तुटतं.

व्हॉट्सॲप स्टेटसवर संकल्प टाकू नका. काम व्हायच्या आधीच शाबासकी मिळते आणि तिथेच समाधान होतं. त्याऐवजी एकच माणूस धरा, जो तोंडावर विचारेल. बायको किंवा भाऊ नको, ते दया दाखवतात. त्याच परीक्षेला बसणारा सहकारी उत्तम. रोज रात्री नऊच्या आत (दुपारच्या पाळीत ड्युटीवर निघायच्या आधी) त्याला सोडवलेल्या पानाचा फोटो पाठवायचा.

पैशांची पैज लावायची तर रक्कम एका दिवसाच्या पगाराच्या आसपास ठेवा. पन्नास रुपये गेले तर काही वाटत नाही, पाच हजार लावले तर एकदा हरल्यावर माणूस पैजच मोडतो.

तापीकाठ (भुसावळ)
सर्वांचे आभार. एक शंका: पाळी बदलायच्या दिवशी झोपेचा पार बोजवारा उडतो. त्या दिवशी किमान माप ठेवायचं की सुटी?

केळीपट्टा (रावेर)
किमान माप, आणि तेही फक्त चालण्याचं. पाळी दर आठवड्याला बदलते, तो दिवस सुटीत धरलात तर महिन्याच्या तिन्ही सुट्या तिथेच संपतील. अभ्यास त्या दिवशी माफ, मात्र दुसऱ्या दिवसाचं पान उघडून, पेन मध्ये ठेवून झोपा. आणि मोबाईल चार्जिंगला स्वयंपाकघरात लावा, उशाशी नको.