निर्मितीची ऊर्मी? ओढ? खुमखुमी?

खाडीकाठ (ठाणे पूर्व)
वारली चित्रांच्या एका प्रदर्शनाचं माहितीपत्रक मराठीत आणतोय. मूळ इंग्रजीतल्या 'क्रिएटिव्ह अर्ज'पाशी अडलोय. काहीतरी घडवल्याशिवाय माणसाला राहवत नाही, असा भाव आहे. मी 'निर्मितीची ऊर्मी' लिहिलं. आयोजकबाई म्हणाल्या, ऊर्मी म्हणजे लाट, ती येते नि ओसरते, 'प्रतिभा' लिहा. पण प्रतिभा ही कुवत झाली. कुवत असून स्वस्थ बसलेले ढिगाने सापडतील. दुसरं काही?

शाईपेन
क्रिएटिव्ह अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा? सोबत दोन फोटो लागतात का?
'सर्जनाची ओढ' लिहा. संस्कृतात नेमका 'सिसृक्षा' आहे, पण तो छापलात तर बाई तुम्हालाच फाडतील.

ऐरोलीकर
सर्जन वाचून लोक डॉक्टर शोधतील. 'सृजन' लिहा, आता सर्रास चालतो.

शाईपेन
हिंदीत चालतो. सृज् धातूचं सर्जनच होतं. अनंत चतुर्दशीला तुम्ही विसर्जन करता की विसृजन?

ऐरोलीकर
मग सृष्टीलाही सर्ष्टी म्हणा. भाषा लोक चालवतात, धातुपाठ नाही.

पेणची सून
गणपतीचा विषय निघालाच आहे म्हणून. सासरी कारखाना आहे. तिथे निर्मिती, सर्जन काही ऐकलं नाही. 'गणपती करतो' म्हणतात, बस. ('बनवतो' म्हटलं की सासूबाई अजून दुरुस्त करतात.) सासरे डोळ्यांच्या आखणीला बसले की कुणाशी बोलत नाहीत. मी विचारलं, श्रद्धा म्हणून का? तर म्हणाले, हात हलला की नजर तिरळी होते, गिऱ्हाईक मूर्ती घेत नाही. पण डोळे आखून झालेल्या मूर्तीकडे पाठ करून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

नौपाड्याची
'मी कविता सुचलो' असं मराठीत म्हणताच येत नाही. कविता मला सुचते, स्फुरते. कर्ता कविताच. तुकोबाही 'बोललो' म्हणत नाहीत, 'विश्वंभरें बोलविलें' म्हणतात. सरळ प्रयोजक. म्हणून बाहेरून खेचणारी 'ओढ' बरी. 'हौस' मात्र नको, तिला रविवार लागतो.

शाईपेन
म्हणजे देव न मानणाऱ्याला काही सुचतच नाही?

नौपाड्याची
त्यालाही सुचतंच की. कोण सुचवतं ते व्याकरण सांगत नाही.

डहाणू लोकल
प्रदर्शन वारलीचं आणि इथे ऊर्मीवर भांडण! वारली बायका चौक (लग्नघरातलं चौकोनी भित्तिचित्र) 'काढत' नाहीत, 'लिहितात'. गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, तोही लग्नासाठी. मध्ये पालघट देवी. सवासिनींनी लिहायचा आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाऊन देवांना बोलवायचं. मनात आलं म्हणून कुणी चौक लिहीत नसे. १९७०च्या दशकात जिव्या सोमा म्हशे लग्नकार्य नसतानाही रोज चित्रं काढू लागले, कागदावरही. तुमची ऊर्मी हवी तर तिथे वापरा, सवासिनींच्या चौकाला नको. आयोजकांनी दोन्ही एकाच वाक्यात कोंबलं असेल तर दोष शब्दाचा नाही.

खाडीकाठ
एकाच वाक्यात आहे खरं. मूळ मजकूर मला बदलता येणार नाही. उद्या सकाळी छापायला जातोय, ओढ की ऊर्मी तेवढं सांगा.

घणसोली गाव
धवलेरी म्हणजे आमची धवलारीण! आगऱ्यांच्या लग्नात तिच्या धवल्यांशिवाय विधी पुढे सरकत नाही. धवल म्हणजे पांढरा, तांदळाच्या पिठावरूनच आला असणार.

शाईपेन
पिठाचा काय संबंध? धवळे म्हणजे लग्नगीतं. महानुभाव कवयित्री महदंबेने तेराव्या शतकात रुक्मिणीस्वयंवरावर रचलेत. आणि तो 'धवळा', 'धवला' नाही.

घणसोली गाव
आमच्या आजीने 'ळ' लावला नाही कधी. तिचं चुकलं म्हणता?

ऐरोलीकर
म्हणतील ते. विसृजनवाले आहेत.

शाईपेन
विसृजनवाले तुम्ही! वर जाऊन नीट वाचा.