चाको: कड्यावरून बघायची गोष्ट

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत चाको कॅन्यन ही दरी आहे, तिथे मूळ रहिवाशांच्या प्राचीन दगडी वस्त्यांचे अवशेष आहेत. "चाको कॅन्यन तासाभरात उरकतं, नुसत्या पडक्या भिंती" असं कुणीतरी लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. तिथे जायच्या कच्च्या रस्त्याबद्दलची तक्रार मात्र खरी, हाडं खिळखिळी होतात. पण एवढं सोसून गेलात तर कड्यावरच्या पुएब्लो आल्तो या अवशेषांकडे जाणारी वाट सोडू नका. दरीतल्या किन क्लेत्सो या पडक्या वास्तूच्या मागे कड्यातल्या एका चिरेतून अंग चोरून वर चढायचं (सह्याद्रीतल्या नाळा चढलेल्यांना किरकोळ). वर सपाट खडक. काठाशी गेलं की सहाशेहून जास्त खोल्यांची अख्खी पुएब्लो बोनितो ही प्राचीन वास्तू पायाखाली! इंग्रजी 'डी'सारखा आकार, आत गोल गोल किवा (धार्मिक विधींच्या खोल्या). खाली भिंतींतून फिरताना हा आकार कळतच नाही.

पुएब्लो बोनितोच्या मागच्या बाजूला मोठमोठ्या शिळांचा ढीग दिसेल. कड्यापासून सुटलेला तो सुळका १९४१ साली कोसळला आणि तीसेक खोल्या घेऊन गेला. तो धोकादायक आहे हे बांधणाऱ्यांनाही ठाऊक असणार, कारण त्यांनी त्याच्या पायथ्याशी दगडी आधार रचला होता. आठेकशे वर्षं तरी टिकला की!

पाणी व्हिजिटर सेंटरलाच भरून घ्या, वर थेंब मिळत नाही.