सीएफची नियमित तपासणी व्हिडिओवर: सोय की चालढकल?

लातूरचा बाबा: मुलगी नऊ वर्षांची, सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) हा जन्मजात आजार: फुप्फुसात चिकट कफ साठतो, अन्न नीट पचत नाही, घामातून मीठ फार जातं. दर तीन महिन्यांनी पुणे. रात्रीची बस, सव्वातीनशे किलोमीटर, सकाळी नंबर, डॉक्टरांसमोर वीस मिनिटं, परत रात्रीची बस. तिची शाळा बुडते, माझा रोज बुडतो, नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) लॉजवर लावायचा. गेल्या खेपेला पचनाच्या एन्झाइमची एक कॅप्सूल वाढली, बाकी सगळं तेच. टेलिमेडिसिनचे सरकारी नियम २०२० च्या मार्चमध्येच आलेत. मग चारातल्या दोन खेपा व्हिडिओवर का नकोत?

फिजिओताई: कॅप्सूल वाढली ती कशावरून? वजन बघूनच ना! मी छातीची फिजिओ करते, म्हणून स्पष्ट बोलते. सुडोमोनास नावाचा जंतू फुप्फुसात शिरला तरी पोर सुरुवातीला मजेत खेळत असतं. कळतं ते कफाच्या नाहीतर घशाच्या स्वॅबच्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात तेव्हा. लवकर सापडला तर टोब्रामायसिन या अँटिबायोटिकच्या वाफेने बऱ्याचदा जातो, मुरला की ठाण मांडतो. कॅमेऱ्यात स्वॅब घेता येत नाही.

न्यू जर्सीची आई: पण तोच सुडोमोनास सीएफच्या एका मुलाकडून दुसऱ्याला लागतो, त्याचं काय? आमच्याकडे म्हणूनच दोघांत सहा फूट अंतर ठेवतात. कोविडपासून आमची एक आड एक भेट व्हिडिओवर. मुलगा घरीच स्पायरोमीटरमध्ये (फुप्फुसाची ताकद मोजणारं यंत्र) फुंकतो, आकडे थेट क्लिनिकला. एकदा आहारतज्ज्ञ बाईंनी मला फ्रीज उघडून दाखवायला सांगितला. क्लिनिकमध्ये मी खुशाल थाप मारली असती!

फिजिओताई: फ्रीजचं पटलं. पण तुमच्या मुलाला ट्रायकाफ्टा हे सीएफच्या मुळावर काम करणारं औषध चालू असणार. अमेरिकेत ते २०१९ पासून आहे, इथे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. स्थिर मुलाचा नियम अस्थिर मुलाला लावू नका. आणि घरच्या फुंकरीचं म्हणाल तर शेजारी "अजून, अजून, अजून" ओरडणारं कुणी नसलं की मुलं अर्ध्यात सोडतात. आकडा पडला तो फुप्फुसामुळे की आळसामुळे, ओळखणार कसं?

न्यू जर्सीची आई: चालू आहे, खरंय. पण ओरडायला मी असते की! टेक्निशियनपेक्षा जोरात.

लातूरचा बाबा: स्वॅब इथल्या लॅबमध्ये दिला तर?

फिजिओताई: द्या, पण चिठ्ठीवर "सीएफचा नमुना" असं ठळक लिहून घ्या. बर्खोल्डेरिया या दुसऱ्या जंतूला वाढवायला वेगळं माध्यम लागतं, साध्या प्लेटवर तो निसटू शकतो. लॅबकडे ते आहे का, आधी विचारा.

खारट पोरगा: मी स्वतः पेशंट, वय २४. व्हिडिओवर खोकला दाबता येतो. मी दाबलाय. सेमिस्टरची परीक्षा होती, ॲडमिट व्हायचं नव्हतं. माइक म्यूट, हसरा चेहरा, "ऑल गुड डॉक्टर". तीन आठवड्यांनी झालोच ॲडमिट, चौदा दिवस सलाईन. तरी सगळंच वाईट म्हणणार नाही. मे महिन्यात कपाळावर मीठ फुटतं, गळून गेल्यासारखं होतं, तेव्हा "मीठ किती वाढवू" एवढं विचारायला मी कशाला बस पकडू?

लातूरचा बाबा: म्यूटचं वाचून पोटात गोळा आला. आमची अजून लहान आहे, लपवत नाही. वजनाचं म्हणाल तर आज किराणा दुकानाच्या काट्यावर उभी केली, २२ किलो ४००. पुण्याच्या काट्यावर मागे २२ किलो ९०० होती. आता काटा खोटा की पोरगी उतरली?

फिजिओताई: बस पकडा.