मदत हवी आहे: डेल प्रिसिजन टी१७००, तारीख मागे जाते, निळा पडदा येतो, नवी रॅम लावली की सुरूच होत नाही

नकाशा_आणि_रेषा:
सेकंडहँड मशिन आहे. टी१७०० मिनी टॉवर, झिऑन ई३-१२४० व्ही३, ४ जीबीच्या दोन ईसीसी (चुका स्वतः सुधारणाऱ्या) रॅम, क्वाड्रो के६०० ग्राफिक्स कार्ड, २४० जीबी साटा एसएसडी. विंडोज १० दुकानातूनच टाकून आलं. काम मुख्यतः ऑटोकॅडचं.

१) रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की सकाळी ‘टाइम-ऑफ-डे नॉट सेट’ असा संदेश येतो आणि एफ१ दाबायला सांगतो. बटण चालू राहिलं तर काही होत नाही.
२) एफ१ दाबून पुढे गेलं की निळा पडदा: ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. मग ऑटोमॅटिक रिपेअर गोल गोल फिरत राहतं.
३) ८ जीबीच्या दोन जुन्या रॅम घेतल्या. त्या लावल्या की पॉवर बटण नारिंगी लुकलुकतं, पडद्यावर काही येत नाही.

एसएसडी गेली का? विंडोज परत टाकू का?

सोल्डरगन:
थांबा, विंडोज टाकू नका. एसएसडीही बहुतेक ठणठणीत आहे. पहिल्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल संपलाय. भिंतीचं बटण चालू असतं तेव्हा एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा) स्टँडबाय करंट घड्याळ चालवतो, म्हणून तेव्हा त्रास होत नाही. बटण बंद झालं की सगळा भार सेलवर येतो. तो दमलेला असला की तारीख जाते आणि बायोसच्या (विंडोजआधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज कारखान्यातल्या मूळ जागी जातात.

खरी गोम इथे आहे. या मॉडेलमध्ये ‘साटा ऑपरेशन’ (डिस्कशी बोलायची पद्धत) मुळात ‘रेड ऑन’ असतं. तुमचं विंडोज दुसऱ्या पद्धतीवर, एएचसीआयवर, टाकलेलं दिसतंय. कंट्रोलरचा मोड बदलला की विंडोजला सुरू होताना लागणारा ड्रायव्हर हाताशी नसतो, म्हणून निळा पडदा. आणि निळा पडदा येतोय याचा अर्थ बूटलोडर (विंडोज सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) सापडतोय, म्हणजे यूईएफआय-लेगसीचा (नव्या-जुन्या बूट पद्धतीचा) घोळ नाही. तो असता तर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं असतं.

आधी सेल, मग सेटिंग. वायर काढा, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, सेलची खिटी बाजूला करून तो काढा. मल्टिमीटर असेल तर मोजा: नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.७च्या खाली असेल तर बदलायचाच. नवा लावताना अधिक चिन्ह वर.

मग एफ२ दाबून बायोसमध्ये:
– तारीख-वेळ लावा. ती चुकीची राहिली तर ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची कुरकुर करतो.
– सिस्टिम कॉन्फिगरेशन, साटा ऑपरेशन: एएचसीआय. अप्लाय करूनच बाहेर या.
– बूट सीक्वेन्समध्ये एसएसडी किंवा ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर आहे का बघा.
– ‘लेगसी ऑप्शन रॉम’ला (जुन्या पद्धतीच्या कार्डांसाठीची सोय) हात लावू नका. तुमच्या झिऑनमध्ये अंगचं ग्राफिक्स नाही. ते बंद केलं आणि कार्डाच्या बायोसमध्ये यूईएफआयची सोय नसली, तर पडदा काळा राहील आणि परत चालू करायला बायोसही दिसणार नाही.

सगळं जमलं की प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

एएचसीआय करूनही निळा पडदा आलाच, तर रिपेअरच्या मेनूतून स्टार्टअप सेटिंग्ज, सेफ मोड. एकदा सेफ मोडमध्ये उघडलं की विंडोज योग्य ड्रायव्हर स्वतः जोडून घेतं, पुढच्या वेळी नेहमीसारखं सुरू होतं.

नकाशा_आणि_रेषा:
सेल १.९ व्होल्ट दाखवत होता. बदलला. साटा ऑपरेशन खरंच ‘रेड ऑन’वर होतं. एएचसीआय केल्यावर विंडोज थेट उघडलं, फायली जागेवर आहेत. आता रॅम. लेबलवर ‘८जीबी २आरएक्स४ पीसी३एल-१२८००आर’ असं आहे.

चार_स्लॉट:
शेवटचं अक्षर बघा, ‘आर’. म्हणजे रजिस्टर्ड, सर्व्हरची रॅम. स्टिकच्या मधोमध एक वेगळी, आडवी चिप दिसेल, तीच रजिस्टर. ई३ झिऑनचा मेमरी कंट्रोलर ही रॅम चालवूच शकत नाही. बायोस अपडेट करूनही नाही. खाच त्याच जागी असल्याने ती बसते मात्र बिनबोभाट, त्यामुळे फसगत होते. बोर्डाला इजा झालेली नसते. परत करा.

हवी ती अशी: ८ जीबी, २आरएक्स८, पीसी३ किंवा पीसी३एल, १२८००‘ई’. ‘ई’ म्हणजे अनबफर्ड ईसीसी. ‘यू’ म्हणजे साधी रॅम. तीही या बोर्डावर चालते, पण मग सगळ्या स्टिक साध्या घ्या, ईसीसीत मिसळू नका. तुमच्या हातातल्या ४ जीबीच्या दोन ईसीसी ठेवायच्या असतील तर ‘ई’च घ्या. एक जोडी पांढऱ्या खिट्यांच्या स्लॉटमध्ये, दुसरी काळ्यांच्या. एकूण २४ जीबी, दोन्ही चॅनेल समान. चारही स्लॉट ८-८ने भरले तर ३२, तीच मर्यादा.

पहिल्यांदा सुरू करताना मेमरी बदलल्याचा संदेश येईल. घाबरू नका, आकडा बरोबर आहे का बघून पुढे जा. मग एक रात्र मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा, जुन्या रॅमवर हे टाळू नये.

नकाशा_आणि_रेषा:
पुढे जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड लावायचा विचार आहे. एसएमपीएस बदलावा लागेल का?

सोल्डरगन:
आधी एसएमपीएसवरचं लेबल वाचा, या टॉवरमध्ये २९० किंवा ३६५ वॉटचा येतो. पीसीआय-ई स्लॉट ७५ वॉटपर्यंत देतो, म्हणून १६५०चं वेगळी सहा पिनांची वायर न लागणारं मॉडेल बघून घ्या. तेवढं ३६५वर निर्धास्त चालेल. २९० असेल तर मी त्या खटाटोपात पडणार नाही. बाजारातला साधा एसएमपीएस थेट बसत नाही: याच्या बोर्डावर मुख्य जोडणी २४ पिनांची नसून ८ पिनांची आहे, २४ ते ८ पिन अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. पंख्यांसकट कार्डाची लांबीही मोजा, हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो.